तुटक्या पानाचा बिल्ला

फोटोचं एक टोक लिनेटच्या चिमटीत होतं आणि दुसरं म्हाताऱ्याच्या. सोडायला कोणीच तयार नव्हतं.

“मला तो जरा उजेडात धरायचाय,” लिनेट म्हणाली.

“उजेड इथंही आहे.”

“खिडकीपाशी जास्त आहे, मिस्टर हार्किन.”

“मग मीच येतो खिडकीपाशी,” असं म्हणून तो फोटो न सोडता टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या ओव्हरकोटाला ओल्या लोकरीचा आणि पेपरमिंटचा वास होता. डोक्यावरची चपटी टोपी त्यानं आत आल्यावरही काढली नव्हती.

दर शनिवारी सकाळी दहा ते एक, हेझलक्लफच्या जुन्या कवायतघरात लिनेट ह्या खिडकीशी बसे. लोक बिस्किटांच्या डब्यांतून आपापल्या घरातले शिपाई घेऊन येत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे फोटो, पुठ्ठ्यावर डकवलेले, तळहातात मावणारे. मागं नाव नाही, गाव नाही, आणि मिशा सगळ्यांच्या सारख्याच. काही बोलायचं झालं तर टोपीवरचा बिल्ला बोले, नखाएवढा पितळी तुकडा. लिनेट त्यावर भिंग धरी आणि पलटण सांगे. तिला हे आजोबांनी शिकवलं होतं. ते म्हणायचे, चेहऱ्याकडं सगळ्यात शेवटी बघायचं. चेहरा बघितला की माणूस आपला वाटायला लागतो, आणि एकदा आपला वाटला की बिल्लाही आपल्याच पलटणीचा दिसायला लागतो. आधी संशय, मग भिंग, मग चहा, असा त्यांचा क्रम होता.

टेबलाखालच्या चटईवर दहा महिन्यांची जोसी लाकडी चमचा फरशीवर आपटत होती. नवऱ्याची शनिवारी कामाची पाळी असे, म्हणून तीही कवायतघरात हजर.

ह्या फोटोत शिपाई नव्हताच. लेसच्या झग्यातलं एक तान्हं, उंच खुर्चीवर अंथरलेल्या गडद कापडावर बसलेलं. मांडीवर शिपायाची टोपी, दुमडून सपाट केलेली, बिल्ल्याची बाजू समोर. टोपीची मागची फीत बाळानं मुठीत धरून सरळ तोंडात घातली होती.

“ही माझी आई,” बर्नर्ड हार्किन म्हणाला. “नोरा. टोपी तिच्या बापाची. डेनिस हार्किन. आडनाव मी त्याचंच लावतो. अफगाणांच्या लढाईवर गेला तो गेलाच.”

बाकीचं त्यानं तुटक तुटक सांगितलं, चोवीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस सांगेल तसं. डेनिसनं कर्नलची परवानगी न घेता लग्न केलं होतं. फौजेच्या लेखी असं लग्न म्हणजे लग्नच नव्हे. बायकोला बराकीत खोली नाही, कोळसा नाही, आणि नवरा मेला तर मेल्याचा कागदही नाही. त्यामुळं नोराला जन्मभर गल्लीत ‘बराकीची’ म्हणत. मिलमध्ये, दुकानाच्या रांगेत, स्वतःच्या लग्नादिवशी चर्चच्या पायरीवरसुद्धा. दर नोव्हेंबरात बाहेर मेलेल्या शिपायांच्या शिळेपुढं फुलं वाहत, तेव्हा ती रस्त्यापलीकडं उभी राहायची. रस्ता ओलांडून ह्या बाजूला कधी आली नाही.

“मला दुसरं काही नको,” तो म्हणाला. “त्या दगडावर एक ओळ पाहिजे. बापाचं नाव दगडावर आलं की पोर बराकीची राहत नाही. ती नाहीये आता, ते मला कळतं. तरी.”

कवायतघराच्या अंगणातल्या त्या शिळेवर गावचे चौदा जण होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पाथरवट येऊन अक्षरं साफ करी. नवं नाव घालायचं असलं तर तेव्हाच, आणि लिनेटनं सही केल्यावरच. लंडनच्या मूळ फौजी यादीत मेलेले तीन जण ऑर्मरॉड आडनावाचे होते, दोन हार्किन होते. कोण कुठल्या गावचा, हे यादीत नव्हतं. ते ठरायचं घरातल्या फोटोवरून.

लिनेटनं भिंग लावलं. वर मुकुट, मधे नंबर, भोवती पानांचं कडं. आपलीच पलटण. ती ‘हो’ म्हणणार, एवढ्यात तिची नजर कड्याच्या उजव्या बाजूला अडखळली. खालून तिसरं पान तुटलेलं होतं.

तिनं भिंग तसंच धरून ठेवलं. ते पान ती वयाच्या चौथ्या वर्षापासून ओळखत होती. आईच्या घरी पियानोवर, लंबगोल खिडकी कापलेल्या चौकटीत, तिची पणजी हॅना अशीच लेसच्या झग्यात बसलेली होती. मांडीवर अशीच टोपी, टोपीवर हाच बिल्ला, आणि खालून तिसरं पान असंच तुटलेलं. त्याच फोटोच्या बळावर शिळेवरचं चौथं नाव कोरलं गेलं होतं: ए. ऑर्मरॉड. हॅनाचे वडील, एमोस.

एका पलटणीचे बिल्ले सारखे असतात. एकाच जागी तुटलेले असत नाहीत.

आजोबा गेले त्या वर्षी पलटणीच्या पत्रकात हॅनाचा फोटो पानभर छापून आला होता. ते पत्रक गावात शंभर घरांत तरी पोचलं असेल. कात्री आणि खळ तर कुणाच्याही घरात असते.

“काय दिसलं?” हार्किननं विचारलं.

“मला हा आठवडाभर ठेवून घ्यावा लागेल.”

“का?”

“नीट बघायला.”

“आता काय डोळे मिटून बघत होतात?” तो म्हणाला, आणि त्यानं आपलं टोक आणखी घट्ट धरलं. “हे बघ पोरी, सत्तेचाळीस साली माझी बहीण हाच फोटो घेऊन ह्याच टेबलाशी आली होती. इथं एक चष्मेवाला बसायचा. त्यानं असंच भिंग लावलं, असाच गप्प बसला, आणि म्हणाला, बिल्ला नीट ओळखू येत नाही. बहीण रडत घरी आली. मग मी एक्केचाळीस वर्षं कुणाला हा दाखवला नाही.”

चष्मेवाले म्हणजे आजोबा. बिल्ला तर लख्ख ओळखू येत होता, आणि आजोबांची नजर अशी की अंधारात शिवणकाम केलं असतं. म्हणजे सत्तेचाळीस साली आणलेला फोटो हा नव्हेच. हा त्यानंतर बनवलेला. तिच्या मनात पाल चुकचुकली ती अशी.

“ठेवल्याशिवाय मी सही करू शकत नाही,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडं, मग टेबलाखाली चमचा आपटणाऱ्या जोसीकडं, मग टेबलावरच्या वस्तूंकडं एकेक करून पाहिलं.

“ठेवतो. पण तारण पाहिजे.”

“कसलं तारण?”

“ते भिंग.”

शिंगाच्या मुठीचं भिंग, आजोबांचं. लिनेटला वाटलं, नाही म्हणावं. पण नाही म्हटलं असतं तर फोटो खिशात घालून तो निघून गेला असता, आणि तिला चोर हातचा जाऊ द्यायचा नव्हता. तिनं भिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं, उतारूनं खपवायला काढलेलं जुनं तिकीट पाहावं तसं, आणि रुमालात गुंडाळलं.

“पुढच्या शनिवारी,” तो म्हणाला. “दहाला.”

घरी आल्यावर जोसी झोपेल तेवढाच वेळ तिचा. ती झोपली की लिनेट स्वयंपाकघराच्या टेबलावर फोटो घेऊन बसे. भिंगाशिवाय डोळा पोचत नव्हता, म्हणून बोटांनी सुरुवात केली. कडेवरून नख फिरवलं. डकवलेल्या तुकड्याची कड कुठं लागते का पाहिलं. लागली नाही. कागद त्या काळच्या रीतीनं अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला, पातळ, केसाएवढ्या चिरा पडलेला. पुठ्ठ्याची टोकं गोल, त्या काळी होत तशी. मागं जांभळ्या अक्षरांत छाप: पॉलिट, बॅरक स्ट्रीट, काचेची मूळ प्रत जपून ठेवली आहे, जादा प्रती केव्हाही मिळतील. खाली शाईनं आकडा, २२१६.

बुधवारपर्यंत तिला कबूल करावं लागलं की फोटो खरा आहे. त्या काळातला, त्या दुकानातला, कुणीही हात न लावलेला.

त्यानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण संशय गेला नव्हता, फक्त त्यानं घर बदललं होतं. टोपी एक, बाळं दोन. मग ह्या टोपीचा धनी एमोस ऑर्मरॉड गावात दोन दोन संसार करून होता की काय? एका घरी एमोस, दुसऱ्या घरी डेनिस? गुरुवारी बाबागाडी ढकलत बाजारातून येताना ती मुद्दाम कवायतघरावरून आली. शिळेवरच्या चौथ्या नावापुढं उभी राहून म्हणाली, “लबाडा.” जोसीनं वर पाहिलं.

शुक्रवारी दुपारी दातांमुळं जोसी झोपेना. लिनेट तिला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. फोटो दुधाच्या जगला टेकवून ठेवलेला. इतक्या लांबून बिल्ला नुसता पांढरा ठिपका दिसत होता. बिल्ला नाही म्हटल्यावर डोळा उरलेल्या फोटोवर हिंडू लागला. कापडावर, कापडाच्या सुरकुत्यांवर, खुर्चीच्या पाठीवर. आणि येरझारा घालता घालता ती थांबली.

खुर्चीला खांदे होते.

ही रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. त्या काळी तान्हं मूल काही सेकंद तरी स्तब्ध बसायला हवं, नाहीतर फोटोत नुसतं धुकं उमटे. म्हणून आई खुर्चीत बसे, डोक्यावरून कापड ओढून घेई आणि बाळाला मांडीवर धरी. फोटो बाळाचा. आईनं नसल्यासारखं असायचं. असे फोटो तिच्या टेबलावरून कितीतरी गेले होते. पण तिथं टोपी नाही, बिल्ला नाही, म्हणून भिंगाला काम नाही.

आता तिनं जवळ जाऊन पाहिलं. बाळाच्या कमरेशी, कापडाच्या दोन घड्यांतून, दोन हात आलेले होते. बोटं झग्यात रुतलेली. किती जोरानं धरलंय हे तिला न बघताही सांगता आलं असतं. उजव्या हाताचं मधलं बोट एका पेरानं आखूड होतं. मिलमध्ये बोटं अशी जात.

जोसी खांद्यावर निजली होती. लिनेट तशीच उभी राहिली. हा चेहरा तिनं शेवटीसुद्धा बघितला नसता, कारण तो कापडाखाली होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी साडेआठलाच ती आईच्या दारात उभी होती.

“इतक्या सकाळी? पोरीला ताप आहे का?” डोरीन एप्रनला हात पुसत म्हणाली.

“नाही. आई, हॅनाचा फोटो उतरवायचाय.”

“पुसलाय मी परवाच.”

“चौकट उघडायचीय.”

डोरीननं जोसीला कडेवर घेतलं, तिच्या गालाचा पापा घेतला, आणि मग फार साध्या आवाजात म्हणाली, “बाबांनी सांगितलंय उघडायची नाही म्हणून. हवा लागली की फोटो जातो.”

“शंभर वर्षं टिकलेला फोटो हवेनं जात नाही.”

“तुला जास्त कळतं का बाबांपेक्षा?”

“ह्या बाबतीत आता सारखंच कळतं,” लिनेट म्हणाली, आणि पियानोच्या स्टुलावर चढली.

मागची फळी चार खिळ्यांवर होती. ती निघाल्यावर लंबगोल खिडकीचा पुठ्ठा हातात आला. पुढून दुधाळ, पण मागं निळी छपाई: कोळशाच्या वखारीचं कॅलेंडर, वरचा अर्धा भाग. एकोणीसशे सत्तेचाळीस.

डोरीनला ते दिसलं. तिनं जोसीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

फोटोच्या मागं जांभळा छाप, पॉलिट, बॅरक स्ट्रीट, आणि खाली आकडा. २२१७. हार्किनच्या पाठोपाठचा. दोघी एकाच दिवशी, एकामागून एक, त्याच खुर्चीत बसल्या होत्या.

लिनेटनं फोटो सुलटा केला. लंबगोलाबाहेर काय होतं ते तिनं कधीच पाहिलेलं नव्हतं. मधे हॅना. कमरेशी कापडातून आलेले दोन हात. टोपीकडं तिचं लक्षच नाही, कुणाची तरी वस्तू मांडीवर ठेवल्यासारखी ती दुसरीकडंच बघतेय. आणि डाव्या कडेनं, कोपरापर्यंतच्या साध्या बाहीतून, आणखी एक हात येऊन टोपी दाबून धरतोय. सरकू नये, पडू नये म्हणून.

“आईचाच असणार तो,” डोरीन लगेच म्हणाली.

“मग हे दोन कुणाचे?”

“एक तिचा, एक... अगं, बारीक बघायला कोण जातं.”

लिनेटनं टेबलावरचं चादरीएवढं मेजपोस ओढलं. ती खुर्चीत बसली, मेजपोस डोक्यावरून घेतलं आणि आतूनच म्हणाली, “जोसीला माझ्या मांडीवर दे.”

“वेड लागलंय तुला.”

“दे तर.”

कापडाखाली अंधार होता, साबणाचा वास होता, आणि मांडीवर जोसीचं पळायला निघालेलं वजन. लिनेटनं घड्यांतून दोन्ही हात बाहेर काढून तिला कमरेशी धरलं. एक हात सोडून पाहिला, तशी जोसी मासळीसारखी सुळकन निसटायला लागली. पुन्हा दोन्ही हात.

“आता किटलीवरची टोपी तिच्या मांडीवर ठेव.”

डोरीननं किटलीची लोकरी टोपी आणून ठेवली. जोसीनं पाय झाडले. टोपी खाली. पुन्हा ठेवली, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी टोपी पडली नाही. लिनेट वाट बघत राहिली. बाहेर कोणी बोलेना, तेव्हा तिनं डोक्यावरचं कापड मागं सारलं. तिची आई बाजूला वाकून उभी होती, आणि तिचा हात टोपीवर होता.

मग लिनेटनं पियानोवरच्या फोटोकडं बोट केलं. टोपी धरणाऱ्या हाताचं मधलं बोट एका पेरानं आखूड होतं.

डोरीन खुर्चीत बसली. मग तिनं सांगितलं की सत्तेचाळीस साली ती सतरा वर्षांची होती. हॅना आजी तेव्हा चांगली धडधाकट होती. दर नोव्हेंबरात काळी हॅट घालून शिळेसमोर पहिल्या रांगेत बसायची. तिच्यासाठी बाबा स्वतः खुर्ची नेऊन ठेवायचे. त्या वर्षी ती ठेवून बाबा तडक आत निघून गेले, आणि तिला वाटलं होतं थंडीमुळं असेल.

“बाबा संशयी होते, लिनेट. लबाड नव्हते.”

“एकदाच होते,” लिनेट म्हणाली. “आणि तेही त्यांच्या आईसाठी.”

“दगडावर कोरलेलं खोडून तुला काय मिळणार आहे?”

लिनेटनं कॅलेंडरचा पुठ्ठा आईपाशी ठेवला आणि फोटो तेवढा पिशवीत घातला.

दहाच्या ठोक्याला हार्किन कवायतघरात आला. आधी त्यानं रुमाल सोडला, भिंग टेबलावर ठेवलं, पण हात काढला नाही. फोटो समोर आल्यावरच काढला. मग फोटो पुढून पाहिला, मागून पाहिला, आकडा वाचला, चारही टोकं अंगठ्यानं चाचपली.

“तोच आहे,” लिनेट म्हणाली.

“ते मी ठरवतो.”

ठरवून झाल्यावर तो खुर्चीत बसला. लिनेटनं पिशवीतून दुसरा फोटो काढून त्याच्या फोटोशेजारी ठेवला, आणि भिंगाची मूठ त्याच्याकडं वळवली. काय बघायचं ते सांगितलं नाही. जोसी तिच्या मांडीवर होती, आणि आज तिला खाली चटईवर जायचं नव्हतं.

त्यानं आधी बिल्ल्यावर भिंग धरलं, एकावर, मग दुसऱ्यावर. त्याच्या भुवया जवळ आल्या.

“हे काय आहे? नक्कल केलीत?”

“मागं बघा.”

त्यानं आकडे पाहिले. पुन्हा पुढून पाहिलं. ह्या वेळी भिंग बिल्ल्यावरून हळूहळू सरकत कडेला गेलं आणि थांबलं. मग त्याच्या स्वतःच्या फोटोवर बाळाच्या कमरेशी गेलं. मग परत.

“ब्रिजेट,” तो म्हणाला. “माझी आजी. पिंजणयंत्रात गेलं ते बोट. मला त्याच्यानं डोक्यात टपली मारायची.” मग भिंग न काढता, “आणि ही दुसरी पोर?”

“माझी पणजी.”

“तुझी.”

“हो.”

“बाहेर दगडावर जे ऑर्मरॉड आहेत...”

“तिचे वडील म्हणून. ह्या टोपीवरून.”

म्हाताऱ्यानं भिंग खाली ठेवलं. खिडकीतून शिळेची पाठ दिसत होती.

“आणि तो चष्मेवाला?”

“माझे आजोबा.”

तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “म्हणजे टोपी आमची, आणि पहिल्या रांगेतली खुर्ची तुमची. माझी आई पलीकडं उभी राहायची तिथून दिसायची ती काळी हॅट. आई म्हणायची, हॅट काय सुंदर आहे बाईची.”

लिनेटला मान वर करवेना. टेबलावर तिनं सकाळीच दोन कागद मांडून ठेवले होते. ते तिनं त्याच्यापुढं सरकवले. पहिला नवं नाव घालण्याचा, डेनिस हार्किन. त्यावर तिची सही तेवढी राहिली होती. दुसरा नाव काढण्याचा, पूर्ण कोरा. त्यानं दोन्ही वाचले, दोन्ही उलटून पाठ बघितली.

“दुसरा कुणासाठी?”

“तुम्हाला ठाऊक आहे.”

तो पुन्हा भिंग उचलून हॅनाच्या फोटोवर वाकला, इतका की त्याचा श्वास काचेवर उमटला.

“पॉलिटकडं पैसे पडायचे फोटोला,” तो अखेर म्हणाला. “आजी फुकट कुठं कुणाबरोबर जाणारी नव्हती. आणि ती टोपी कुणाला शिवू द्यायची नाही. माझ्या आईलासुद्धा नाही, मोठी झाल्यावर.” त्यानं नखानं त्या हाताच्या कडेकडं बोट केलं, कागदाला न टेकवता. “कुणी हिसकावलेली दिसत नाही. तिनं स्वतः धरलीय, मैत्रिणीच्या पोरीसाठी.”

लिनेटनं पेन उचललं. पहिला कागद पुढं ओढला, पण जोसीनं त्याचा कोपरा पकडून चुरगाळायला घेतला. तिनं कागद सोडवला, तर पेन पकडलं. एका हातानं पोर, एका हातानं कागद, आणि लिहायला तिसरा हात नाही. पहिलं अक्षर वाकडं आलं.

“असं व्हायचं नाही,” हार्किन म्हणाला. “सहीवरही उद्या कुणी संशय घेईल.”

त्यानं डोक्यावरची चपटी टोपी काढली. आतून घडी मोडली, एकदा गुडघ्यावर झटकली, आणि जोसीच्या मांडीवर ठेवली. जोसी दचकून थांबली. मग तिनं टोपीचा काठ दोन्ही मुठींत धरून सरळ तोंडात घातला.

“लिही आता,” तो म्हणाला. “सावकाश.”

लिनेट लिहू लागली. मधे जोसीनं पाय झाडले, टोपी घसरली, आणि बाजूनं एक सुरकुतलेला हात येऊन ती धरून बसला. दुसरा कागद टेबलाच्या कडेला तसाच होता, कोरा.